संगतीला कॅमेरा

या पुस्तकाचा नायक जिम मार्शल. 1936 साली शिकागोत जन्मला, सॅन फ्रान्सिस्कोत वाढला आणि 2010 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कमधल्या एका हॉटेलच्या खोलीत गेला. मधल्या काळात अमेरिकेतल्या जॅझ, लोकसंगीत आणि रॉक वाजवणाऱ्या माणसांचे त्याने इतके फोटो काढले की पाचशेहून अधिक रेकॉर्डच्या कव्हरांवर त्याचे काम आहे. जिमी हेन्ड्रिक्स, जॅनिस जोप्लिन, बॉब डिलन, जॉनी कॅश ही नावे घेतली की जे चेहरे डोळ्यांपुढे येतात, त्यांतले बरेच त्याच्या कॅमेऱ्यातून आलेले असतात. पाहणाऱ्याला त्याचे नाव ठाऊक नसते एवढेच.

पुस्तक लिहायला घेतले तेव्हा पहिला आक्षेप घरातूनच आला. माझे मामा मालवण तालुक्यातले, उमेदीच्या काळात दशावतारात पखवाज वाजवलेले. त्यांनी विषय नीट ऐकून घेतला आणि म्हणाले, "आमच्या पेटयेवाल्याचो एक धड फोटो नाय, आणि तू अमेरिकेतल्या फोटोवाल्यावर पुस्तक लिवतंस गो?"

आक्षेप रास्त आहे, म्हणूनच ही प्रस्तावना लांबली. मामांना वाटले, मी परक्यांचे कौतुक करायला निघाले आहे. पण आपल्या पेटीवाल्याचा फोटो का राहून गेला आणि तो कसा काढायला हवा, हे मला मार्शलचे फोटो पाहतानाच कळत गेले. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या कोणत्याही जत्रेत आज हजारो फोटो निघतात. त्यांत देवीची पालखी असते, रोषणाई असते, संकासुर असतो, राजाचा भरजरी वेश असतो. वादक नसतो. असलाच तर कोपऱ्यात अर्धा कापलेला.

मार्शलने 1959 मध्ये पहिला लायका कॅमेरा घेतला. पुढच्याच वर्षी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन सॅन फ्रान्सिस्कोत आला होता. त्याला दुसऱ्या दिवशी बर्कलीला राल्फ ग्लीसन या संगीतसमीक्षकाच्या घरी मुलाखतीसाठी जायचे होते. त्याने समोर दिसलेल्या या पोराला रस्ता विचारला. मार्शल म्हणाला, मीच नेतो, फक्त फोटो काढू द्या. त्या घरात कोल्ट्रेनचे जे फोटो निघाले त्यांत वाद्यही नाही आणि रंगमंचही नाही. एक माणूस बसला आहे, विचारात गढला आहे, खिडकीतून आलेला उजेड चेहऱ्यावर आहे. त्याने प्रश्न ऐकला असेल, उत्तर अजून तयार व्हायचे असेल. वादकाच्या डोक्यात वादन सुरू होण्याआधी जे चालते ते अशा बैठकीत दिसते. रंगमंचाच्या समोरून ते कधीच दिसत नाही.

कोल्ट्रेनला गाडीतून नेणे हीच मार्शलच्या कामाची पद्धत ठरली. तो वादकांच्या कामी पडत असे, त्यांच्यात बसत असे, जेवत असे, भांडत असे. फ्लॅश आणि स्टुडिओतले दिवे त्याला नको असत. खांद्यावर एकाहून जास्त लायका, त्यांत बहुधा ट्राय-एक्स फिल्म आणि जागेवर असेल तो उजेड, एवढ्यावर तो काम करी. 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बॉब डिलनला एक जुना टायर सापडला आणि तो पोरासारखा तो घरंगळत नेऊ लागला. मार्शल बरोबर चालत होता म्हणून तो फोटो आपल्याला मिळाला. डिलनची मुलाखत ठरवून, वेळ घेऊन गेलेल्या माणसाला तो टायर दिसला नसता.

29 ऑगस्ट 1966 ला कॅन्डलस्टिक पार्कवर बीटल्सचा तिकीट लावून झालेला शेवटचा कार्यक्रम झाला, तेव्हा रंगमंचामागे जायची मुभा असलेला छायाचित्रकार तोच होता. 1968 च्या जानेवारीत जॉनी कॅश फॉल्समच्या तुरुंगात कैद्यांसमोर गायला तेव्हा मार्शल त्याच्याबरोबर आत गेला, आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सॅन क्वेन्टिनलाही. तिथला कॅशचा मधले बोट दाखवणारा फोटो आज टी-शर्टांवर विकला जातो. मार्शल स्वतः सांगायचा की त्याने कॅशला म्हटले, तुरुंगाच्या अधीक्षकांसाठी एक फोटो होऊ दे, आणि कॅशने हे उत्तर दिले. मला मात्र त्या दोन तुरुंगांतले दुसरेच फोटो जास्त महत्त्वाचे वाटतात. गाणे सुरू होण्यापूर्वीचा कॅश, भिंतींकडे पाहणारा, जरा भेदरलेला. तुरुंगात बंद असलेल्यांसमोर गायचे म्हणजे काय, हे त्या चेहऱ्यावर आहे. टी-शर्टावरच्या फोटोत ते नाही.

जॅनिस जोप्लिनचा फोटो याच जातीचा. 1968, सॅन फ्रान्सिस्कोतल्या विंटरलँडचे रंगमंचामागचे दालन, सोफ्यावर आडवी झालेली जोप्लिन, हातात दारूची बाटली, चेहऱ्यावर थकवा. असा फोटो छापणे हा विश्वासघात, असे कुणालाही वाटेल. मार्शलच्या सांगण्याप्रमाणे जोप्लिनला तो आवडला होता, कारण कधी कधी आयुष्य असेच असते असे तिचे म्हणणे होते. माणसाची हानी होईल असा फोटो बाहेर काढायचा नाही, हा नियम तो पाळत असे, आणि ज्यांचे फोटो काढले त्यांना तो ठाऊक होता. म्हणून दार उघडे राहिले. चांगला तबलजी गायकाची उणी बाजू सांभाळून घेतो आणि तरी ठेका सोडत नाही, तसे त्याचे होते. छायाचित्रकाराला मी साथीदार म्हणते ते याच अर्थाने, आणि पुस्तकाचे नावही तिथूनच आले.

आता जरा आपल्याकडे वळू. 16 ते 18 जून 1967 या दिवसांत कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरे इथे जो पॉप महोत्सव झाला, त्याच्या शेवटच्या दिवशी रात्री हेन्ड्रिक्सने गिटार पेटवली. गुडघ्यांवर बसून ज्वाळांना हातांनी वर बोलावणाऱ्या हेन्ड्रिक्सचा तो जगप्रसिद्ध फोटो मार्शलचा आहे असे अनेकांना वाटते. तो एड कॅरफ या 17 वर्षांच्या मुलाचा आहे. त्याच दिवशी दुपारी त्याच रंगमंचावर पंडित रविशंकर बसले होते आणि तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ. बाकीचे कलावंत मानधन न घेता आले होते, रविशंकरांना मात्र 3,000 डॉलर मिळाले. महोत्सवावर डी. ए. पेनेबेकरने जो चित्रपट केला तो संपतो हेन्ड्रिक्सवर नव्हे, तर या सतार-तबल्याच्या जुगलबंदीवर. रॉकचे छायाचित्रकार ज्या मैदानात घडत होते, त्याच मैदानात मुंबईच्या माहीमला राहणारा एक तबलजी वाजवून गेला होता, हे आपण विसरतो.

त्या तबलजीचा मुलगा झाकिर हुसेन, जन्म 1951. आपल्या देशात मार्शलच्या पद्धतीने वादकाचे काम कुणी केले असेल तर ते झाकिरभाईंवर, आणि करणारी होती दयानिता सिंग. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ती अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकत होती. झाकिरभाईंचा कार्यक्रम टिपायला गेली तेव्हा संयोजकांपैकी कुणीतरी तिला ढकलले आणि ती पडली. बाहेर येऊन तिने झाकिरभाईंना सांगितले की आज मी विद्यार्थिनी आहे, पण एक दिवस मोठी छायाचित्रकार होईन, आणि मग पाहू. त्यांनी तिला बरोबर घेतले. पुढे कित्येक हिवाळे ती त्यांच्या गाड्यांतून, आगगाड्यांतून, विंगांमधून, घरातून वावरली. 1986 मध्ये 'झाकिर हुसेन' हे तिचे पहिले पुस्तक आले. त्यात तबल्यावर झेपावणारे हात आहेतच. पण गाडीत झोपलेला झाकिर आहे, घरातला आहे, वडिलांसमोर लहान झालेला झाकिरही आहे. रियाज म्हणजे काय हे मी त्यांच्याकडून शिकले, असे दयानिता आजही सांगते. 2022 मध्ये तिला हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला, छायाचित्रणातला जगातला फार मोठा सन्मान. डिसेंबर 2024 मध्ये झाकिरभाई गेले तेव्हा सगळीकडे फिरलेले फोटो बहुतेक केस उडवणाऱ्या झाकिरचे होते. मी त्या दिवशी 1986 चे ते पुस्तक काढून बसले.

पुण्याच्या सतीश पाकणीकरांनी सवाई गंधर्व महोत्सवात वर्षानुवर्षे बसून गवयांचे जे चेहरे जमवले, ते आज महाराष्ट्रातल्या असंख्य घरांच्या भिंतींवर दिनदर्शिकांच्या रूपाने आहेत. त्यांचे फोटो पाहताना एक कळते: या माणसाला सम कुठे येते ते ठाऊक आहे. गायक आकारात असताना तोंड वेडेवाकडे होते, शटर तिथे पडले तर फोटोत थट्टा होते. समेवर येऊन गायक क्षणभर मोकळा होतो, साथीदाराकडे पाहून हसतो, तो क्षण धरायचा. ज्याला गाणे कळत नाही त्याला हा क्षण निघून गेल्यावरच दिसतो.

महाराष्ट्रातून निघून थेट रॉकच्या शिखरावर गेलेला चेहराही एक आहे, तोही सांगून टाकते. फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथे 'हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला. 1974 मध्ये मिक रॉकने 'क्वीन टू' या रेकॉर्डसाठी काळोखात चार चेहरे वरून उजेड देऊन टिपले, फ्रेडीचे हात छातीवर एकमेकांवर ठेवलेले. मार्लेन डिट्रिचच्या एका जुन्या फोटोवरून ती कल्पना सुचली होती. फोटो अप्रतिम आहे, पण तो रचलेला आहे. मार्शल असा फोटो काढत नसे. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. मला कुठली जवळची, हे एव्हाना वाचकांच्या ध्यानात आले असेल.

मार्शलची वाट पुढे बंद होत गेली. 1980 नंतर मोठ्या बँडांभोवती व्यवस्थापक, वकील, प्रसिद्धी अधिकारी यांचे कडे उभे राहिले. छायाचित्रकारांना रंगमंचापुढच्या खड्ड्यात उभे करायचे, पहिल्या तीन गाण्यांपुरती परवानगी द्यायची, फ्लॅश वापरायचा नाही आणि चौथे गाणे सुरू होताच बाहेर काढायचे, हा जगभरचा रिवाज झाला. कुठे कुठे फोटोंचे हक्कही लिहून द्यावे लागतात. पहिल्या तीन गाण्यांत गायकाला घामही आलेला नसतो. मार्शल पूर्ण मोकळीक मिळाली नाही तर काम नाकारत असे. नाकारता नाकारता कामच थांबले. त्यात कोकेन आणि पिस्तुले यांचा नाद. न्यायालयाच्या पायऱ्या झाल्या, मित्र दुरावले, ऐन पन्नाशीतली वर्षे वाया गेली. पुस्तकात हे प्रकरण मी लपवलेले नाही. माणसांचा विश्वास इतका जपणारा हा गृहस्थ स्वतःच्या घरात आणि शेजाऱ्यांत भीतीचा विषय झाला होता. ते वाचताना त्रास होतो, व्हायलाही हवा.

आता मामांच्या प्रश्नाकडे. कॅलिफोर्नियातले ते दार बंद झाले आहे. आमच्या किनाऱ्यावरचे दार सताड उघडे आहे आणि आत कुणी जात नाही.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पाऊस येईपर्यंत दशावताराची मंडळे रोज एका गावात असतात. देवळाच्या बाजूला कापड लावून रंगपट केलेला असतो. नट आपापल्या ट्रंकेवर बसून, हातातल्या आरशात बघत स्वतःच रंग लावतात. तिथे कुणी पास विचारत नाही, व्यवस्थापक नाही, तीन गाण्यांची मर्यादा नाही. उलट चहा मिळतो. कोपऱ्यात पखवाजवाला कणकेचा गोळा मळत असतो. थोडे पाणी, पुन्हा मळणे, मग गोळा डाव्या पुडीच्या मधोमध थापून बोटांनी कडेने दाबत न्यायचा. एक थाप मारायची. आवाज कोरडा आला तर पाण्याचा हात फिरवायचा, जड आला तर नखाएवढी कणीक काढायची. कान पुडीजवळ, डोळे मिटलेले. पंधरा-वीस मिनिटे हे चालते आणि त्याच्याकडे कुणीही पाहत नसते. कोल्ट्रेनचा खिडकीजवळचा फोटो ज्यांना आवडतो त्यांनी हा चेहरा एकदा पाहावा.

नाटक सुरू झाले की वादक एका बाजूला बाकड्यावर बसतात: पेटी, पखवाज, झांज. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी कथानक ठरते, कुणी काय करायचे ते वाटून घेतले जाते आणि संवाद तिथल्या तिथे सुचतात. त्यामुळे पेटीवाल्याला रात्रभर नटाच्या तोंडाकडे आणि पायाकडे पाहत राहावे लागते. राजा पद कधी उचलील, कुठल्या पट्टीत उचलील, युद्धाला पाऊल कधी पडेल, हे त्याला आधी कळायला हवे. पदाआधीचा तो अर्धा क्षण, नटाने श्वास घेतला आहे आणि पेटीवाल्याची बोटे सुरांवर आलेली आहेत, दोघे एकमेकांकडे बघत आहेत. दशावतार त्या नजरेत आहे. भरजरी वेशाचे फोटो काढणारे सगळे समोर उभे असतात. त्यांच्याकडे या दोघांपैकी एकच येतो.

फोटो काढणे सोपे नाही, हेही सांगायला हवे. गॅसबत्तीचा जमाना गेला, आता एलईडीचे झोत असतात. त्यात शटर फार जलद ठेवले तर चित्रावर पट्टे उमटतात. नटांच्या चेहऱ्यावरचा पांढरा रंग झोतात फटफटीत होतो आणि बाजूला बसलेला वादक काळोखात बुडतो. उजेड वादकाच्या चेहऱ्यावरून मोजला तर राजा जळतो, राजावरून मोजला तर वादक नाहीसा होतो. माझे मत विचाराल तर राजा जळू द्यावा.

डबलबारी भजनांचेही तसेच. बॅनरवर बुवांचा मोठा फोटो, मागे तेजोवलय. बुवांच्या शेजारी पहाटेपर्यंत पखवाज वाजवणारा बॅनरवर नसतो. पिंगुळीच्या चित्रकथीत सगळ्यांचे लक्ष चित्रांकडे जाते आणि ते साहजिक आहे. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून ती चित्रे बघायला लांबून माणसे येतात. पण ती चित्रे दाखवताना वीणा, हुडूक आणि टाळ वाजवत जो ठाकर कलावंत गातो, त्याच्या हातांचे फोटो किती? आचरे गावचे नाव आडनावात घेतलेले वसंतराव आचरेकर कुमार गंधर्वांच्या साथीला बसत. कणकवलीत त्यांच्या नावाचे सांस्कृतिक प्रतिष्ठान आजही नाटके आणि मैफली करते. साथीदाराच्या नावाने संस्था चालवणारा हा जिल्हा साथीदाराचा फोटो काढायला विसरतो, याचे मला वाईट वाटते.

त्यामुळे हे पुस्तक वाचताना रॉक संगीत कळायलाच हवे असे नाही. पहिल्या भागात मार्शलचे आयुष्य आहे, दुसऱ्यात त्याच्या निवडक फोटोंचे एकेक करून वाचन. ज्यांना घाई आहे त्यांनी दुसरा भाग आधी वाचावा, आणि त्यातही कोल्ट्रेन आणि फॉल्समची प्रकरणे. हातात कॅमेरा किंवा मोबाइल असलेल्या आमच्याकडच्या तरुण मुलामुलींसाठी मी ते लिहिले आहे. त्यांच्यातल्या दहांनी जरी येत्या जत्रेत रंगपटात जाऊन बसायचे ठरवले तरी मामांना उत्तर मिळेल. एकदा जाऊन मात्र भागणार नाही. पहिल्या रात्री वादक कॅमेऱ्याकडे बघून ताठ बसतात. चार गावे बरोबर फिरलात, सामान उचलायला हात लावलात, की ते तुम्हाला विसरतात, आणि तिथून पुढे फोटो निघू लागतात.

आणखी एक गोष्ट, फोटो काढण्याइतकीच निकडीची. मार्शलला मूलबाळ नव्हते. फोटो हीच माझी मुले, असे तो म्हणत असे. आपला सगळा संग्रह त्याने अमेलिया डेव्हिस या आपल्या सहायिकेच्या हाती सोपवला. तिने तो सांभाळला म्हणून 2014 मध्ये ग्रॅमीचा विश्वस्त पुरस्कार त्याला मरणोत्तर मिळाला, तो मिळवणारा पहिला छायाचित्रकार म्हणून. म्हणूनच हे पुस्तकही लिहिता आले. आमच्याकडे तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जुन्या स्टुडिओंतल्या निगेटिव्हना बुरशी धरते, घरातले फोटो अल्बमच्या प्लास्टिकला चिकटून फाटतात. आणि जे उरले आहेत त्यांच्या मागे नाव नाही. कुणाच्या लग्नात, कुणाच्या गणपतीत काढलेला, पेटीवर बसलेला हा माणूस कोण, हे सांगणारे आता एकेक करून जात आहेत.

घरात असे फोटो असतील तर चतुर्थीच्या आधी ते बाहेर काढा. प्लास्टिकच्या अल्बममधून सोडवून साध्या कागदी पाकिटांत घाला, पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, मोबाइलवर नीट उजेडात त्यांची नक्कल करून घ्या. आणि मागे मऊ पेन्सिलीने लिहा: नाव, गाव, मंडळ कुठले, साल, कुठले वाद्य. पखवाजवाल्याचे नाव आधी.